बैठकीत घर विचारतात

ती केस आजही डोक्यातून जात नाही, आणि ती माझ्या नोकरीतली नव्हे. उभी हयात सरकारने मला माणसं आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करण्याचा पगार दिला. निवृत्तीनंतर त्याच सरकारने एकाला फासावरून उतरवता येतं का ते पाहायला मला प्रवासखर्च देऊ केला.

फाशीच्या खटल्यांत गरीब आरोपीला सरकारी खर्चाने चांगला बचाव मिळावा, अशी योजना आली होती. वकील पूर्वीही मिळायचा. पण त्याच्या फीमध्ये कागद वाचणं आणि एसटीने तुरुंगात जाऊन आरोपीला भेटणं, ही दोन्ही कामं बसत नसत. बहुतेकांचं एकही बसत नसे. आता नीट फी होती, भेटीचा खर्च होता, आणि आरोपीच्या बाजूने चौकशी करायला माणूस नेमता येत होता. उद्घाटनाला मी होतो. समई पेटायला वेळ लागला, भाषणं विझायला त्याहून जास्त. ज्यांच्यासाठी योजना, त्यांना अर्थातच येणं शक्य नव्हतं.

मला नेमलं एका तरुण वकीलबाईंनी. तळासरीला मी ठाणे अंमलदार होतो, पाडे मला ठाऊक, म्हणून.

प्रकरण असं. तळासरीच्या पूर्वेला डोंगरातल्या एका पाड्यावर दिवाळीनंतर एक झोपडं जळालं. आत नवरा, बायको आणि लहान मुलगी. कडी बाहेरून लावलेली. शेजारच्या घराशी त्यांचा शेताच्या बांधावरून वाद होता. त्या घरात दोन भाऊ. थोरल्याने पाड्याच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, गुन्हा कबूल केला. सत्र न्यायालयाने त्याला फाशी दिली आणि शिक्षा कायम करण्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयात गेलं.

ठाण्यात कबुली आली की चहा मागवला जातो. त्या चहानंतर नवा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हा तपास माझ्या बदलीनंतरचा. पण तो चहा मीही प्यालेलो आहे.

"सर, हा माणूस एकच वाक्य बोलतो," वकीलबाई म्हणाल्या. "'मी मोठा, मीच बोलणार.' पण काल निघताना मला विचारतो, यंदा वाडीत चिकू कसा धरलाय? म्हटलं, कुठल्या वाडीत? तर बोर्डीच्या. सगळ्या कागदांत बोर्डीचं नावही नाही."

खबर म्हणायची तर एवढीच. मी बोर्डीला गेलो. वाडीमालक झोपाळ्यावर बसले होते.

"आग लागली ती रात्र? इथेच राखणीला होता की तो," ते म्हणाले. "रात्रभर वटवाघळं हाकलायला पत्र्याचा डबा बडवत होता. मला डोळा लागू दिला नाही. सकाळी पाड्यावरून निरोप आला, तेव्हा गेला."

"मग कोर्टात सांगितलं नाहीत?"

"बोलावलं कोणी? तुम्ही पहिले आलात. चहा घेणार?"

नको म्हटलं.

आता प्रश्न उलटा झाला. जो तिथे नव्हताच, त्याने कबूल का केलं? पाड्यावर गेलो. बैठक ज्यांनी बोलावली होती ते म्हातारबाबा अंगणात नाचणी वाळत घालत होते.

"कबूल केलं म्हणजे नेमकं काय केलं त्याने?"

"ओंजळीत तांदूळ घेतलं, सायेब. दोष घरावर घेतला. आमच्या पाड्याची रीत हाय. मोठ्यानंच घ्यायचं. धाकटा पुढं येतो का कधी?"

"म्हणजे आग त्यानेच लावली असं नाही?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "माझ्या पुतण्यानं एकाचा पाय मोडला होता. तांदूळ मी घेतलं. मी मोडीन का पाय, ह्या वयात?"

"मग आग लावली कोणी?"

"बैठकीत घर विचारतात, सायेब. माणूस विचारायचं काम तुमचं."

एवढी वर्षं खात्यात होतो. तपासाची व्याख्या इतक्या कमी शब्दांत कोणी सांगितली नव्हती.

थोरल्याने तांदूळ धाकट्यासाठी घेतले होते, हे आता उघड होतं. आगीनंतर सकाळी धाकटा घरात नव्हता; पाडा आणि भाऊ धरून चालले की तो आग लावून पळाला. या भागातले पुष्कळ तरुण गुजरातच्या बंदरांत मच्छीमार बोटींवर खलाशी असतात. दिवाळी झाली की बोटीचा तांडेल जीप घेऊन नाक्यावर येतो आणि आपली माणसं उचलून नेतो. धाकटाही खलाशी. आता बोटीवरून उतरून घरीच होता. वकीलबाईंना घेऊन गेलो आणि त्याला समोर बसवला. जुन्या सवयीने आवाज चढवला. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग उतरवला.

"आगीच्या दिवशी कुठं होतास?"

"संध्याकाळी तांडेलाच्या जीपमध्ये. आगीची खबर मला बोटीवर लागली."

"भावाला फाशी झाली. इतकी वर्षं गप्प का?"

"मोठ्या भावाला कसं विचारायचं, तू केलंस का म्हणून?"

तांडेलाला शोधून काढला. त्याने दुजोरा दिला. काळोख पडायच्या आत जीप नाक्यावरून सुटली होती. झोपडं त्यानंतर, रात्री जळालं.

हे सगळं घेऊन आम्ही तुरुंगात गेलो. थोरला समोर आला.

"तुम्ही पोलीस, का ह्या बाईंचे?"

"निवृत्त."

"म्हणजे कोणाचेच नाय."

त्यात दुरुस्ती करण्यासारखं काही नव्हतं. धाकटा त्या रात्री पाड्यावर नव्हता, हे मी त्याला सांगितलं. त्याने गज धरले. मग म्हणाला, "मग मी इथं कोणासाठी बसलोय?"

त्यानंतर तो पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलला. वकीलबाई लिहीत होत्या.

पुढे वाडीमालकाची आणि तांडेलाची साक्ष नोंदवली गेली. बैठकीतली कबुली न्यायालयाने कबुली मानली नाही. माणूस सुटला. कडी कोणी लावली, ते अजून कळलेलं नाही. तीन जीव गेले, त्यात एक मूल. आणि आपण एकाला शिक्षा दिली म्हणून खऱ्याला शोधायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. बचावाचा वकील म्हणजे गुन्हेगाराची चैन, असं मी नोकरीत समजत होतो. आता इतकंच म्हणतो की सरकार फिर्यादीच्या वकिलाला पैसे देतं, डॉक्टरला देतं, जल्लादालाही देतं; बोर्डीला जाऊन एक प्रश्न विचारायला मात्र आधी लेखाशीर्षच नव्हतं. माझं बिल, जाता जाता सांगतो, टमटमची पावती नाही म्हणून परत आलं.

मागच्या चैत्रात विवळवेढ्याच्या जत्रेत म्हातारबाबा भेटले. मी विचारलं, "बाबा, बैठकीत अजून घरच विचारता, का आता माणूस?"

"घरच. रीत कशी सोडायची?" ते म्हणाले. "पण तांदूळ द्यायच्या आधी एक विचारतो आता. त्या रात्री तू होतास कुठं?"