दोनदा घेतलेलं नाव

बसस्टँडवरच्या त्या बाईंना सगळे भोंगाताई म्हणायचे. अगदी तोंडावर, आणि त्यांनाही त्याचा राग नसायचा. काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारायच्या हे त्यांचं काम, आणि प्रत्येक गाडी दोनदा पुकारायची हा स्टँडचा नियम. सवय अशी हाडीमांसी खिळली की घरात नवऱ्यालाही जेवायला दोनदा हाक. तो बिचारा म्हणायचा, "अगं, बहिरा नाही मी!"

मुलगा युद्धाच्या आघाडीवर गेला आणि घरातलं हसणं सरलं. ताईंच्या थोरल्या भावाने, दादाने, चौकात दर शुक्रवारी सभा सुरू केली, तेव्हा माईक ताईंच्याच हाती दिला. युद्धात पडलेल्या पोरांची नावं वाचायची. तेव्हाच्या नेत्याला दादा खुनी म्हणायचा, बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "आमची पोरं परत आणा!" समोरचा हार्डवेअरवाला दुकानाच्या दारातून ताईंना देशद्रोही म्हणायचा.

मग निवडणूक झाली, दादाचा पक्ष जिंकला. ताईंनीही मत त्यालाच दिलं होतं, साखरसुद्धा वाटली होती. नवा नेता खुर्चीत बसला आणि युद्ध जसंच्या तसं चालू राहिलं. एक तोफ थांबली असेल तर शपथ! थांबली ती दादाची जीभ. "घडी बसायला वेळ लागतो गं," तो म्हणायचा, "आधीच्यांनीच घाण करून ठेवलीय."

आणि तळमजल्यावरच्या मावशींचा मुलगा आघाडीवर मारला गेला. मावशी जिना चढून आल्या आणि दारातच बसल्या.

"शुक्रवारी त्याचं नाव घेशील ना? तुझ्या आवाजात?"

ताईंना आपला मुलगा आठवला. आपलाही तिकडेच आहे की! "घेईन, मावशी. घेईन."

दादाला सांगितलं तर तो गोरामोरा झाला. "शपथविधीच्या आधीची नावं वाच. नंतरची नकोत. विरोधकांच्या हाती आयतं कोलीत कशाला द्यायचं?"

"म्हणजे हा पोरगा मेलाच नाही?"

"तसं नाही. वेळ बघावी लागते."

हार्डवेअरवाला बरा गप्प बसेल! दुसऱ्या दिवशी तो काचेच्या खोलीशी गोड हसत हजर. "ताई, आमच्या मंचावर या. नवीन नावं वाचा. जुनी मात्र नकोत हं, तेव्हा आमचं सरकार होतं."

"मेल्या, काल देशद्रोही होते, आज ताई झाले होय? चालता हो!"

शुक्रवारी चौकात मोजकीच माणसं होती. मावशी पुढच्या खुर्चीत. दादा आवाजाच्या पेटीशी उभा, बोट बटणावर. ताई जुनी नावं वाचत गेल्या. शेवटचं जुनं नाव झालं तसं दादाने डोळ्यांनीच खुणावलं, बस्स. ताईंनी श्वास घेतला आणि मावशींच्या मुलाचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट.

खट्. माईक बंद.

"खाली उतर," दादा दातओठ खात म्हणाला. "इतक्या वर्षांच्या कामावर पाणी फिरवशील."

ताई हलल्या नाहीत. "दादा, उद्या तुझ्या भाच्याचं नाव आलं तर? कुणाच्या राज्यात मेला, ते आधी विचारशील?"

याच भाच्याला दादाने खांद्यावर बसवून सगळी जत्रा दाखवली होती. मागून कुणीतरी म्हणालं, "काय नाव म्हणाल्या? नीट ऐकू आलं नाही."

ताईंनी मुका माईक खाली ठेवला. पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकायचं राहतंच, म्हणून तर दोनदा पुकारायचं. त्यांनी नुसत्या गळ्याने तेच नाव पुन्हा घेतलं. ते हार्डवेअरवाल्याच्या दुकानापर्यंत गेलं.

मावशी उठून उभ्या राहिल्या. "माझा आहे तो," त्या म्हणाल्या.

दादाचं बोट अजून बटणावरच होतं.