गवंड्याचा उजवा डोळा

गवंडीकाकांच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, नाकाला लागून, पाच वर्षांपूर्वी एक काळसर पुटकुळी उठली. खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची. काकांचं निदान तयार होतं: सिमेंट उडालंय. सिमेंट कातडी खातं, हे गवंड्याला कुणी शिकवावं लागत नाही. चाळीस वर्षं त्यांनी असल्या जखमांना तेल लावलं होतं आणि त्या बऱ्या झाल्या होत्या. ही होईना, तर त्यांनी तेल बदललं. एरवी माणूस शहाणा, पण स्वतःच्या बाबतीत दीडशहाणा.

बायको कानीकपाळी ओरडून थकली. शेवटी पापणी खाली ओढली जायला लागली, तेव्हा तिने त्यांना दंडाला धरून इस्पितळात नेलं. तुकडा काढून तपासला, स्कॅन झाला.

"कातडीचा कॅन्सर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सहसा दूर पसरत नाही, पण जिथे आहे तिथे पोखरत जातो. तुम्ही फार उशीर केलात, आता तो डोळ्याच्या खोबणीत शिरलाय. आज ऑपरेशन केलं तर डोळाही काढावा लागेल."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. एका डोळ्याने परांचीवर चढायचं कसं? पुढची फळी किती लांब आहे, हे तरी कळेल का?

"दुसरं काही नाही का?" बायकोने विचारलं.

"किरणं देता येतात, पण या जागी त्यांचाही डोळ्याला धोका आहे. तिसरा मार्ग गोळ्यांचा. रोज एक, काही महिने. गाठ आक्रसली तर थोडक्यात कापून भागेल. नाही आक्रसली, तर डोळा जाईलच. आणि गोळ्या त्रास देतात. पेटके येतात, केस गळतात, तोंडाची चव जाते."

"चव गेली तर हिचं भलंच होईल," काका म्हणाले. "स्वयंपाकाला नावं ठेवणारा उरणार नाही."

बायको हसली नाही. गोळ्या सुरू झाल्या.

दुसऱ्या महिन्यात पोटऱ्यांना असे पेटके यायला लागले की काका भिंतीला धरून उभे राहत. तिसऱ्या महिन्यात त्यांनी गुपचूप गोळ्या बंद केल्या. नवव्या दिवशी बायकोला भरलेलं पाकीट सापडलं. ती ओरडली नाही.

"स्लॅब टाकल्यावर तिसऱ्या दिवशी पाणी मारायचं थांबवता का हो?" तिने एवढंच विचारलं.

मध्येच पाणी तोडलं की स्लॅब कच्चा राहतो. याच चुकीसाठी जन्मभर काकांनी मजुरांना फैलावर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी ते मुकाट्याने डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन बसले.

"गोळ्यांना सुट्टी देता येते," बाई म्हणाल्या, "पण मला विचारून." त्यांनी आणखी थोडे दिवस विश्रांती दिली, पेटक्यांवर औषध दिलं आणि गोळ्या पुन्हा चालू केल्या.

आठव्या महिन्यातल्या स्कॅनमध्ये गाठ निम्म्याहून लहान झाली होती आणि खोबणी मोकळी दिसत होती. मग ऑपरेशन झालं. कानामागची कातडी आणून जागा झाकली. कापलेल्या भागाच्या कडा तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. काकांना अंगावरून पोतं उतरल्यासारखं वाटलं, पण पट्टी अजून सुटायची होती.

पट्टी सोडल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांचा डावा डोळा तळहाताने झाकला. "काय दिसतंय?"

काकांनी उजवा डोळा बारीक केला. आधी नुसता उजेड, मग खाटेचा गज, मग गजाला घट्ट धरलेले हात.

"ही दिसतेय," ते म्हणाले. "केस विंचरायचे राहिलेत हिचे."

आठ महिने डोळ्यातून टिपूस न काढलेली बायको स्टुलावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"अगं, आता कशाला रडतेस? दिसतंय की मला."

"म्हणून तर रडतेय," ती म्हणाली.