पोलादपूरपर्यंतची धाप

हैदरचाचांनी मस्कतकडे सव्वीस वर्षं पाण्याचा टँकर चालवला. महाडला कायमचे परत आले आणि वर्षाच्या आत छातीत कळ आली. मुंबईला नेऊन रक्तवाहिनीत जाळी बसवली. पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण बेताने. चाचांनी त्याच आठवड्यात सायकल घेतली. ‘बेताने’ तेवढं दवाखान्यातच ठेवून आले, असं त्यांच्या पत्नी, बदरुन्निसाबी, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

जानेवारीतल्या एका रविवारी महाडच्या सायकलवाल्यांचं पोलादपूरवरून आंबेनळी घाटात जायचं ठरलं. निघताना बदरुन्निसाबींनी नवऱ्याच्या कानांवर मफलर घट्ट बांधला.

“मागनं आपला अकिब टेंपो घेऊन येतोय. टेंपोत बसायची पाळी आली तर सायकल उद्या नातवाला देऊन टाकायची. परत नाव काढायचं नाय. कबूल?”

“कबूल,” चाचा म्हणाले.

अजून उजाडायचं होतं. सावित्री नदीवरचं धुकं रस्त्यावर आलं होतं, आणि हँडलवरची बोटं पहिल्या मैलातच बधिर झाली. चौदा जण निघाले होते. सगळ्यांत पुढे अरविंद, तहसील कचेरीतला कारकून, चाचांचा शाळेपासूनचा सोबती. त्याने मान वळवून विचारलं, “काय रे हैदर, टँकर भरून आणलास काय?”

चाचा हसले, पण हसताना दम लागला. मागच्या महिन्यात याच सपाट रस्त्यावर ते अरविंदच्या बरोबरीने गेले होते. आज पाय दाबून दाबूनही सायकल पुढे जात नव्हती. पुढच्यांचे लाल दिवे एकेक करून धुक्यात गेले. मागून टेंपोचा उजेड तेवढा आला आणि चाचांची लांब सावली रस्त्यावर डोलायला लागली. अकिब पुतण्या शहाणा. हॉर्न वाजवत नव्हता, जवळही येत नव्हता. तेच चाचांना जास्त लागत होतं.

डाव्या छातीत काहीतरी टोचलं. थंडी असेल. का जाळी? त्यांनी श्वास मोजायला घेतला, आकडे चुकले, परत घेतला. थांबावं तर टेंपो, न थांबावं तर काय होईल ते ठाऊक नाही. बदरुन्निसा दिवाणखान्यात फोन समोर ठेवून बसली असेल, हे त्यांना दिसत होतं.

पोलादपूरला चहाच्या टपरीपाशी सगळे वाट बघत उभे होते. त्यांच्यातली निशिगंधा सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिने चाचांना बाकावर बसवलं आणि मनगट धरलं.

“दुखतंय?”

“टोचलं जरा. आता नाय.”

ती घड्याळाकडे बघत राहिली. “नाडी तर बरी आहे,” ती शेवटी म्हणाली आणि त्यांची सायकल बाजूला घ्यायला उठली. दोन पावलांवर थांबली. टायर अंगठ्याने दाबला. अंगठा आत गेला. मागचाही तसाच.

“चाचा, हवा कुठाय?”

“सकाळीच कमी केली. दगडासारखी भरलेली होती. घाटात टायर तापला असता तर?”

अरविंदने चहाचा पेला खाली ठेवला. “हैदर, वाळवंट संपलं रे बाबा. इथं माझे दात वाजतायत आणि तुझा टायर तापतोय?”

सगळे हसले. उन्हात टायर तापतो, वाळूत रुततो, म्हणून टँकरच्या चाकांतली हवा कमी करायची, हे चाचांच्या हातांनी सव्वीस वर्षं केलं होतं. पहाटे ते हातांनीच केलं. अकिबने पंप मारला. चाचाही हसत होते, पण पंपाच्या प्रत्येक दाबाला त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की होत होती. इथवर दोष टायरचा होता. आता घाटात जे होईल ते छातीचं.

घाट लागला. सायकल हलकी पळत होती, एवढी की त्यांना रडू आलं असतं. पहिलं वळण गेलं. दुसऱ्याला परत धाप लागली; ही धाप चढाची होती, सगळ्यांनाच लागलेली. पुढचे चढतच होते. चाचांनी वर बघितलं, डॉक्टरांचं ‘बेताने’ आठवलं, मग स्वतःच ब्रेक दाबला आणि सायकल कठड्याला टेकवली.

“अरविंद, तुम्ही जा. मी इथनंच मागं फिरतो.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी घरी फोन लावला. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत उचलला गेला.

“टेंपोत?”

“नाय गो. कठड्यावर बसलोय. उताराने सायकलवरच येतो.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, “मफलर हाय ना कानाला?”

अकिबने टेंपो कडेला लावून दार उघडलं. “चाचा, आत बसून चहा घ्या. थर्मास आणलाय. वारं किती हाय बाहेर.”

“इथं आण,” चाचा म्हणाले. “त्या टेंपोत पाय ठेवणार नाय मी.”