बालविभागाचं कपाट

कोथरूडच्या आमच्या छोट्या वाचनालयात पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त जमले. कारण सरळ आहे, किस्से विकत घ्यावे लागत नाहीत! मी तिथे ग्रंथपाल होते. बँकेतून निवृत्त झालेले सप्रेकाका खजिनदार होते. बालविभागाची खरेदी मेश्राम मॅडम बघायच्या. त्या मूळच्या नागपूरच्या; दिवसभर पोस्टात नोकरी करून संध्याकाळी हौसेने आमच्याकडे यायच्या.

हिंजवडीत कंपन्या आल्या, घरोघरी कॉम्प्युटर आले आणि मुलांची पुस्तकं एकदम गुळगुळीत, रंगीत नि महाग झाली. आमचं बजेट तेवढं जुनंच राहिलं.

*

एकदा अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात मॅडमची सवलतीसाठी घासाघीस चालली होती. दुकानदार वैतागला. "बाई, लहान मुलांसाठी आहे म्हणून अर्धंच पुस्तक देऊ का?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "द्या. उरलेलं अर्धं वाचायला मुलं तुमच्याच दुकानात येतील."

सवलत वाढली.

*

घेतलेली पुस्तकं पडून राहू नयेत म्हणून खरेदीला एखादं मूल सोबत न्यायचं ठरलं. पहिला मान सप्रेकाकांच्या नातीचा. तिने स्टुलावर बसून परीकथांचं एक पुस्तक मन लावून वाचलं. आम्ही खूश होऊन ते बिलात घालायला सांगितलं, तर म्हणाली, "हे नका घेऊ. माझं वाचून झालं."

काकांनी ते ताबडतोब बाजूला काढलं. मॅडमनी त्यांच्या नकळत पुन्हा गठ्ठ्यात सरकवलं.

*

मग आयटीतलं एक जोडपं अमेरिकेला निघालं. जाताना त्यांनी तीन खोकी पुस्तकं दिली, "मुलांसाठी." यंदाची खरेदी सुटली म्हणून आम्ही पेढे आणले. खोकी उघडली तर आत सगळी सॉफ्टवेअरची जुनी मॅन्युअल्स.

काका म्हणाले, "ज्ञान वजनावर आलंय, वजनावरच जाऊ द्या."

रद्दीवाल्याकडून आलेल्या पैशांत चित्रांची छान पुस्तकं आली. पेढे वाया गेले नाहीत.

*

पण एका वर्षी काका खरंच अडून बसले. मुलं आता कॉम्प्युटरसमोर असतात, एवढी महाग पुस्तकं वाचतंय कोण, असं त्यांचं म्हणणं. बालविभागाची खरेदी बंद करावी आणि ते कपाट स्पर्धा परीक्षांच्या गाइडांना द्यावं. रविवारी कमिटीने येऊन कपाट बघायचं आणि निर्णय घ्यायचा, असं ठरलं. मला दोन रात्री झोप नव्हती. शनिवारी माझी सुट्टी होती, वाचनालय मॅडमनी सांभाळलं.

रविवारी कमिटीसमोर मी कपाट उघडलं. आत एक शब्दकोश होता. बाकी सगळे कप्पे रिकामे.

काकांनी वाकून खालचा कप्पासुद्धा बघितला आणि पुस्तकं कुठे आहेत म्हणून विचारलं.

"मुलांकडे," मॅडम म्हणाल्या. "सगळी रीतसर नोंदवून दिलीत."

काकांनी कपाटाचं दार लावलं. मग कमिटीकडे वळून म्हणाले, "एवढी मागणी असताना खरेदी थांबवायची हे कोणाच्या डोक्यातून निघालं?"

खरेदी मंजूर झाली, थोडी वाढवूनच.

सगळे गेल्यावर मी मटकन खुर्चीत बसले. कितीतरी दिवसांनी चहाला चव लागली. मग मॅडमना विचारलं, एका शनिवारात अख्खं कपाट रिकामं झालं कसं?

"काही नाही हो," त्या कप विसळत म्हणाल्या. "मुलांना एवढंच सांगितलं, की उद्या मोठी माणसं कपाट न्यायला येणार आहेत."