सेरायाचं आळं

जालन्याहून निघताना बाबा म्हणाले होते, "तिथल्या लोकांना उपयोगी पड." सिंगापूरला उतरलो आणि आधी डोळ्यांत भरली ती हिरवाई. रस्त्याच्या दुभाजकावरही एवढी झाडी मी कधी पाहिली नव्हती.

उन्हाळी प्रशिक्षणासाठी कॉलेजने मला पाठवलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. टॅम्पिनीसला मिलिंददादांकडे राहिलो. ते बाबांच्या मित्राचे चिरंजीव, तुआसला इंजिनिअर. उपयोगी पडणं दूरच, मला एमआरटीचं (तिथल्या मेट्रोचं) तिकीटसुद्धा त्यांची आठ वर्षांची मुलगी सई काढून द्यायची.

दुसऱ्याच रविवारी ते दोघं मला राखीव जंगलात देशी झाडं लावायला घेऊन गेले. वाटेत काया टोस्ट (नारळ-अंड्याचा गोड मुरंबा लावलेला पाव) खाल्ला. जंगलाच्या उतारावर स्वयंसेवक जमले होते. त्यांचे म्होरके लिम अंकल. त्यांनी सईच्या हातात सेरायाचं (टेकड्यांवर वाढणारा इथला उंच वृक्ष) रोप दिलं.

"दादा, यू नो हाउ ऑर नॉट?" सईने मला विचारलं.

"येतं की!" इथे आल्यापासून पहिल्यांदाच मला काहीतरी येत होतं. रोप लावून मी भोवती आळं केलं, बाबा करतात तसं, काठ घट्ट थापून.

लिम अंकल थबकले. "नो नीड लाह. हिअर रेन सो मच."

"आमच्याकडे असंच करतात," मी चाचरत इंग्रजीत म्हणालो. सईही चिखलाच्या हातांनी काठ थापत होती. तिच्याकडे पाहून ते हसले आणि पुढे गेले. गरज का नाही, हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी कॉलिंग कार्डावरून बाबांना फोन केला. "सिंगापुरात आपलं झाड!" ते पलीकडे कुणालातरी ओरडून सांगत होते.

परतण्याआधी आम्ही पुन्हा गेलो. आजूबाजूच्या रोपांना नवी पालवी आली होती. आमच्या आळ्यात मात्र पाणी तुंबलेलं, आणि त्यात सेराया काळा पडून वाकलेला.

"जाऊ दे रे, दुसरं लावू," मिलिंददादा म्हणाले.

सई आळ्याजवळ उकिडवी बसली. मग मराठीत म्हणाली, "पाऊस आला की मला वाटायचं, ते पाणी पितंय."

लिम अंकलनी बुटाने काठ फोडला. पाणी उतारावरून वाहून गेलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

घरी पोचलो तेव्हा आमच्याकडे पावसाचा पत्ता नव्हता. बाबा अंगणातल्या कडुलिंबाला घागरीने पाणी घालत होते.

"झाड काय म्हणतंय?"

"मेलं, बाबा."

"असं कसं? आळं केलं नव्हतंस का?"

"केलं होतं."

पुढचं सांगायला तोंड उघडलं, पण त्या भेगाळलेल्या अंगणात ते खरं वाटलं नसतं. बाबांनी घागर खाली ठेवली आणि पायाच्या अंगठ्याने आळ्याचा ढासळलेला काठ नीट केला.