एक निर्दोष टोमॅटो

रिजेक्टसाहेबांचं आणि हिरव्या रंगाचं कधी जमलंच नाही. कारखान्यात हिरवा शिक्का म्हणजे माल पास आणि लाल शिक्का म्हणजे माल बाद. एकतीस वर्षांत त्यांच्या लाल शिक्क्याचं रबर चार वेळा झिजलं, हिरव्याचं एकच शेवटपर्यंत पुरलं. ट्रकच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या स्प्रिंगा तपासायचं त्यांचं काम. पाचातली एक उचलायची, मापायची, दाबायची, ताणायची, आणि जरा खोट दिसली की अख्खी पेटी परत. कामगारांनी चिडून ठेवलेलं 'रिजेक्टसाहेब' हे नाव जिना चढून घरापर्यंत आलं, आणि खरं सांगायचं तर साहेबांना ते मनातून आवडायचं.

घरात माणूस कसा होता म्हणाल, तर तस्साच. चहा आला की आधी कपाची कड बघणार, मग चहा. टॉवेलच्या घडीचा कोपरा कोपऱ्याला जुळला नाही की टॉवेल उलगडून परत बायकोच्या हातात. निवृत्त झाल्यावर तर त्या बाईच्या मागे दिवसभराची तपासणी लागली.

"अहो, मी काय स्प्रिंग आहे का?" ती एकदा करवादली.

"स्प्रिंग असतीस तर केव्हाच परत पाठवली असती," साहेब म्हणाले. यात त्यांना विनोद वाटला. तिला वाटला नाही.

पण तिचं खरं दुखणं हे नव्हतंच. ते वरच्या मजल्यावर राहत होतं. तिचा धाकटा भाऊ, साहेबांचा मेहुणा, त्याच कारखान्यात स्प्रिंगा तापवायच्या भट्टीवर होता. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या एका पाळीचा सगळा माल साहेबांनी बाद केला. स्प्रिंगा दाबल्या की दबलेल्याच राहत होत्या. मेहुणा गयावया करत म्हणाला, "भट्टी बरोबर होती भावोजी, तारच खराब आली होती, सांभाळून घ्या." सांभाळून घेणं साहेबांना येत नव्हतं. त्यांनी लाल शिक्का मारला, खाली सही केली, आणि मेहुण्याची नोकरी गेली. पुढे त्याला दुसरीकडे अर्ध्या पगारावर काम मिळालं, पण तोंडची चव गेली ती गेलीच.

तेव्हापासून दोघांचा अबोला. जिन्यात समोरासमोर आले की एक भिंतीकडे बघणार, दुसरा कठड्याकडे. जे काही बोलायचं ते गॅलरीत उभं राहून, बायकोला उद्देशून, पण वर ऐकू जाईल अशा बेतानं.

"सांग तुझ्या भावाला, त्याच्या कुंड्यांचं पाणी माझ्या डोक्यावर गळतंय!"

वरून लगेच उत्तर यायचं, "ताई, सांग त्यांना, पाणी खालीच गळतं! वर गळायला लागलं की कळवतो!"

आणि ती मधल्यामध्ये भरडली जायची. जेवायला वाढताना रोज नाही तर दिवसाआड तरी साहेबांना ऐकावं लागे, "माझ्या भावाच्या पोटावर पाय दिलात तुम्ही. रक्ताचा नाही ना, म्हणून." साहेब मान खाली घालून जेवत. माल खराब होता, एवढं एकच वाक्य त्यांच्याकडे होतं, आणि ते सांगून सांगून गुळगुळीत झालं होतं.

एके दिवशी ताटात टोमॅटोच्या फोडी आल्या. साहेबांनी एक तोंडात टाकली, दुसरी टाकली, आणि एकतीस वर्षांत झालं नव्हतं ते झालं. ते म्हणाले, "माल चांगला आहे."

"वरून आणलाय," बायको म्हणाली. "त्यानं गॅलरीत लावलेत."

झालं! साहेबांनी ताट असं सरकवलं की पेला आडवा झाला. "त्यात काय मोठे दिवे लावले? माती, पाणी, ऊन! कुणीही करील!"

"मग करून दाखवा ना. नुसती दुसऱ्याची खोट काढायला काय लागतं?"

हे त्यांना झोंबलं. ते गॅलरीत गेले, कठडा धरला आणि वर तोंड करून गरजले, "चार महिन्यांत एक निर्दोष टोमॅटो काढून दाखवतो! नाही काढला तर वर येऊन माफी मागीन! त्या मालाची!"

वर कुंडीत खुरपं चालत होतं, ते थांबलं. घरात बायकोही थांबली. शब्द तोंडातून गेला होता, आणि साहेब दिलेला शब्द परत घेत नाहीत हे सगळ्या जिन्याला ठाऊक होतं. माफी मागायची म्हणजे तो माल चांगला होता असं कबूल करायचं, आणि तो माल चांगला होता तर मग एकतीस वर्षांच्या लाल शिक्क्यांना अर्थ काय उरला? बायकोला मात्र अकरा वर्षांत पहिल्यांदा आशा वाटली. नवरा हरावा असं तिला त्या दिवसापासून मनापासून वाटू लागलं, आणि ती ते लपवतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब नर्सरीत गेले. नर्सरीवाली बाई तोंडानं फटकळ होती. साहेबांनी सहा कुंड्या निवडल्या, उलट्या केल्या आणि ओरडले, "सगळ्या फुटक्या आहेत! प्रत्येकीच्या बुडाला भोक!"

"अहो, पाणी जायला असतं ते."

"पाणी घालायचं तर जाऊ कशाला द्यायचं?"

बाईनं कपाळाला हात लावला. साहेबांनी कुंड्या घेतल्या, पण घरी येऊन सगळी भोकं सिमेंटनं बुजवली, वरून बोटानं घासून गुळगुळीत केली आणि समाधानानं हात धुतले. भांड्याला भोक असणं त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. मग माती दाबून दाबून पक्की बसवली, पट्टीनं मापून सारख्या अंतरावर बिया पेरल्या, आणि सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या पाणी. दहा दिवसांत कुंड्यांत चिखल झाला आणि त्याला वास सुटला. बिया कुजल्या.

"सांग तुझ्या भावाला, बी खराब निघालं!" साहेब गॅलरीतून ओरडले.

वरून फक्त हसू ऐकू आलं. ते हसू साहेबांना शिवीपेक्षा जास्त लागलं.

त्यांनी सिमेंट फोडलं. फोडताना दोन कुंड्या फुटल्या, चार उरल्या. नर्सरीवालीनं या वेळी तयार रोपं दिली, प्रत्येक कुंडीला पाच अशी वीस. "एका कुंडीत एकच ठेवा, दाटी करू नका" असं तिनं तीनदा सांगितलं, आणि साहेबांनी तीनदा ऐकून घेतलं. घरी आल्यावर पाच पाचच लावली. कारण? पाचातला एक नमुना काढायचा तर पाच नकोत का!

होय, तेच. कारखान्यातला नियम त्यांनी गॅलरीत आणला. दर चौथ्या दिवशी प्रत्येक कुंडीतलं एक रोप ते हलक्या हातानं उपटायचे, मुळं पाण्यात धुवायचे, भिंगातून बघायचे, खोडाची जाडी मापायचे आणि परत लावून टाकायचे. मुळं वाढतायत की नाही हे बघितल्याशिवाय कळणार कसं? वरवर हिरवं दिसतं म्हणून पास करायचं? छे! तसं एकतीस वर्षांत केलं नाही, आता करणार होते होय! उपटलेलं रोप दुसऱ्या दिवशी मान टाकायचं. मग साहेब म्हणायचे, "बघ, यात खोट होतीच. बरं झालं आधीच कळलं."

बायको दारात उभी राहून हे बघायची. एका शब्दानं थांबवता आलं असतं, पण तिनं तोंड शिवून घेतलं होतं. रोप मेलं की ती आत जाऊन निवांत भांडी लावायची.

पंधरा मेली, मग अठरा, मग एकोणीस. नर्सरीवाली एकदा त्या रस्त्यानं जाताना वर डोकावली आणि खालूनच ओरडली, "काका, जिवंत आहे ते! तुमचं पोट कुणी रोज उघडून बघितलं तर तुम्ही जगाल का?" साहेबांनी तिला आपलं काम करायला सांगितलं.

मग उरलं एक. आणि इथे साहेबांचा नियमच साहेबांना आडवा आला. एकच नग असेल तर नमुना काढता येत नाही. नमुन्यासाठी माल लागतो, आणि एकच नग तपासायला मोडला तर द्यायचं काय? हे त्यांनी स्वतःच नव्या पोरांना शिकवलं होतं. ते हात मागे बांधून त्या रोपासमोर बसले. हाताची नुसती तडफड चालली होती, पण उपटलं नाही.

रोप वाढलं. त्याला काठी बांधली, पिवळी फुलं आली, गळली, पुन्हा आली. साहेब आता टॉवेल बघेनात, कप बघेनात. पाणी मात्र त्यांच्या स्वभावाप्रमाणेच पडायचं. एक दिवस राग आला की ठणठणीत कोरडं, दुसऱ्या दिवशी कीव आली की पूर. तिसऱ्या महिन्यात एक फळ धरलं. लहान, हिरवं, मग पिवळट, मग एका बाजूनं लाल.

बायकोचा जीव खालीवर व्हायला लागला. "पिकला तर आयुष्यभर माझ्या भावाला टोचून खाल," ती एकदा फणकारली.

"खाईन," साहेब म्हणाले. "सोडतो की काय!"

चार महिने भरले त्या सकाळी ते भिंग घेऊन गॅलरीत बसले. वरून बघितलं तर टोमॅटो देखणा होता, लाल, तुकतुकीत. डावीकडून पास. उजवीकडून पास. मग त्यांनी बोटानं तो हळूच उचलून खाली बघितलं. बुडाला रुपयाएवढा काळा, खोलगट डाग होता.

बायको मागे उभी होती. वरच्या गॅलरीत मेहुणा कठड्यावरून वाकून बघत होता. दोघांनाही तो डाग दिसत नव्हता, दिसणारही नव्हता. देठ तसाच ठेवून, लाल बाजू वर करून नुसतं "पास" म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. साहेबांनी भिंग सदऱ्याला पुसलं आणि डाग पुन्हा बघितला.

मग त्यांनी देठ तोडला, टोमॅटो उलटा केला, बायकोपुढे धरला आणि म्हणाले, "रिजेक्ट."

ती काही बोलायच्या आत ते पायात चपला अडकवून जिना चढू लागले. ती धावत मागे निघाली. अकरा वर्षांत साहेबांनी त्या पायऱ्यांवर पाय ठेवला नव्हता. मेहुण्यानं बेल वाजायच्या आतच दार उघडलं.

"हा माझा माल," साहेब म्हणाले, आणि काळी बाजू त्याच्यासमोर धरली. "बाद आहे. शब्द दिला होता, म्हणून आलोय. तुझा तो माल..." त्यांनी टोमॅटो या हातातून त्या हातात घेतला. "तुझा तो माल मी..."

"नका म्हणू," मेहुणा म्हणाला.

"मध्ये बोलू नकोस! शब्द दिलाय मी."

"भावोजी, नका म्हणू. माल खराबच होता." मेहुणा दाराच्या चौकटीकडे बघत बोलत होता. "तारेचा काही दोष नव्हता. त्या दिवशी आमचा पत्त्यांचा डाव रंगला होता. तिकडे जायच्या घाईत मी माल भट्टीतून अर्धा तास आधीच काढला. मला तेव्हाच माहीत होतं."

साहेबांनी बायकोकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"अकरा वर्षं," ती भावाला म्हणाली. "अकरा वर्षं मी या माणसाला जेवताना बोलत आले, आणि तू वर बसून ऐकत होतास?"

"ताई..."

"ताई म्हणू नकोस मला!" तिनं साहेबांच्या हातातून टोमॅटो हिसकावून घेतला आणि ती तरातरा खाली उतरली.

दोघं पुरुष दारात उभे राहिले. साहेबांना वाटलं होतं, हे ऐकलं की छाती फुगेल. तसं काही झालं नाही. नुसतं थकल्यासारखं वाटलं. जाता जाता ते तुसडेपणानं म्हणाले, "डाग कशानं पडतो रे?"

"पाणी एकसारखं घालत नाही तुम्ही," मेहुणा म्हणाला. "मी वरून बघतोय ना चार महिने."

"मग सांगायचं नाही का, गाढवा?"

दुपारी बायकोनं ताट वाढलं. रोजचं ऐकवणं नाही, काही नाही. टोमॅटो तिनं चिरला होता. वरचा चांगला, लाल भाग साहेबांच्या ताटात होता. बुडाच्या काळ्या भागाचे तिनं दोन तुकडे केले होते आणि ते दोन वाट्यांत घातले होते.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"चांगला तुमचा. काळा आम्हा बहीणभावांचा." तिनं एक वाटी त्यांच्यापुढे सरकवली. "ही वर नेऊन द्या त्याला. म्हणावं, तुझ्या वाटणीचा आहे. दुसरी माझी." आणि तिनं खरंच तो तुकडा उचलून तोंडाकडे नेला.

साहेबांनी तिचं मनगट घट्ट धरलं. "वेडी आहेस का? बाद माल खायचा नसतो," ते खेकसले, आणि आपल्या ताटातली अर्धी फोड काढून त्यांनी तिच्या ताटात ठेवली.