घोड्याच्या घरातलं प्यादं

भुताखेताच्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तिरोड्याकडच्या आमच्या गावात मले अडेल म्हातारा म्हणतात... म्हणू द्या. चौथी शिकलो, पण डोळ्यानं पाहिल्याबिगर काही मानत नाही. म्हणूनच हे लिहून राहिलो.

गोंदियाले बुद्धिबळाची जिल्हा स्पर्धा होती. नात पिंकीचा शेवटचा डाव, मोहरी पांढरी. जिंकली तर राज्याच्या स्पर्धेले जाणार. हरली तर तिच्या बापानं, म्हणजे माझ्या पोरानं, सांगूनच ठेवलं होतं — "मंग खेळ बंद, बारावीचा अभ्यास."

सुरुवात तिनं जुन्या वळणाची केली. राजापुढचं प्यादं, घोडा, मंग उंट. इटालियन म्हणतात म्हणे. पुढं वजिराले वजीर मारला अन् डाव अडकला. आमच्या गावात पाहणारा बोलतोच... माझ्या तोंडून "अवं!" निघालं. पंच सरांनी मले बाहेर काढलं.

बाहेर चहाच्या टपरीपाशी फरशीवर कोळशानं पट आखला. आतला डाव जसा सोडला तसाच मांडला — खडे पांढरे, कोळसे काळे. दोन्हीकडून मीच खेळून राहिलो.

टपरीवाला हसला, "बाबा, खुद से ही हार जाओगे!"

"हारीन, पण तुले नाही बसवणार समोर!"

पांढरं प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं. पिंकी नेहमी म्हणते, "आबा, गावठी नियम सोडा, पोचलं की वजीर घ्यायचा." पण आमच्यात प्यादं ज्या घरात पोचलं, त्याच घराचं मोहरं होते. ते घोड्याच्या घरात पोचलं, म्हणून सवयीनं घोडा केला... अन् पाहतो तर शह अन् मात! वजीर केला असता तर पुढच्याच चालीत पांढरा राजा मेला असता.

तेवढ्यात पिंकी पळत आली.

"आबा, जिंकली मी!"

"मंग रडतेस काऊन?"

"माझा हात वजिराकडे गेला होता... तुम्ही मागून म्हणाले, 'घोडा घे वं बाई.' मी घोडा मागितला अन् मात झाली. तुम्हाले आत कोणी येऊ दिलं?"

"मी इथंच होतो. इचार याले."

टपरीवाल्यानं मान हलवली. मंग तिनं फरशीवरच्या पटाकडे बोट दाखवलं. आतल्या पटावर काळा राजा ज्या घरात होता, इथंही त्याच घरात; घोडाही तसाच. पंच सरांले विचारलं, तर आत माझा आवाज दुसऱ्या कोणाले ऐकू आला नव्हता.

भूत म्हणावं तर मी जिता आहो. राज्याच्या स्पर्धेचं तिकीट मात्र तिचा बाप स्वतः काढून आला. अन् पिंकी सांजच्याले पट घेऊन माझ्यापाशी बसते. म्हणते, "आबा, गावठी नियम आणखी कोणकोणते हायत?"